मिशनचं गाठोडं

वयाची साठी उलटल्यावर मी रहस्यकथा लिहायला बसले, याचे आमच्या चर्चच्या मंडळीत कुणालाच आश्चर्य वाटले नाही. कारण मी ते कुणाला सांगितलेच नव्हते. सांगण्याचा माझा स्वभाव नाही, विचारण्याचा तर त्याहून नाही. वाशीम जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी, कनिष्ठ महाविद्यालयात, मी सगळी नोकरी तर्कशास्त्र शिकवण्यात घालवली, आणि त्या काळात विद्यार्थ्यांना जे काही प्रश्न विचारले ते प्रश्नपत्रिकेतून. समोर बसलेल्या माणसाला प्रश्न विचारायचा म्हटले की माझ्या तळहातांना घाम सुटतो. भाजीवाल्याला भाव विचारावा लागू नये म्हणून मी ज्या ढिगावर भावाची पाटी खोचलेली असते तीच भाजी घेते. त्यामुळे आमच्या घरी वांगी फार होतात.

अशा बाईने हौशी गुप्तहेराची कादंबरी लिहावी, यात देवाच्या विनोदबुद्धीचा काही भाग असावा. माझी नायिका ख्रिस्ती, विधवा, धिप्पाड आणि कमालीची आगाऊ होती. ती कुणाच्याही स्वयंपाकघरात शिरून "काल संध्याकाळी कुठे होतात?" असे विचारी, आणि लोक तिला चहा करून देऊन उत्तरे देत. आमच्याकडे असे विचारणाऱ्याला चहा सोडा, पाटही मिळत नाही, हे मला ठाऊक होते. पण नायिकेला ते मी कळू दिले नाही.

गुपित फुटले ते पाळकीणबाईंमुळे, म्हणजे आमच्या पाळकसाहेबांच्या पत्नीमुळे. त्या भगिनीमंडळ चालवतात, आणि कुणाच्याही घरी गेल्या की टेबलावरचे कागद सहज म्हणून चाळतात.

"रहस्यकथा! अगंबाई, मॅडम! आपण मंडळात वाचू की दर बुधवारी. फक्त खून नको हं."

"खून एकच आहे," मी म्हणाले.

"एक तरी कशाला? आणि दारू नको. प्रेमप्रकरण असलंच तर लग्न झालेल्यांचं, अन् तेही एकमेकांशी. शेवटी पश्चात्ताप पाहिजे. तो मात्र जरा ऐसपैस घ्या."

त्या गेल्यावर मी पतसंस्थेच्या ज्या अध्यक्षाला पहिल्याच पानावर ठार केले होते, त्याला मुकाट्याने जिवंत केले. त्याच्याऐवजी त्याचे घड्याळ हरवले. त्यानंतर पुढची सगळी पाने माझी धिप्पाड नायिका एक घड्याळ शोधत हिंडली आणि मला स्वतःलाच जांभया येऊ लागल्या. भगिनीमंडळाला मात्र ते फार आवडले.

आणि मग आमच्याच मंडळीत खरोखरीची वस्तू हरवली.

सोयाबीन घरी आले की आमच्याकडे हंगामाचा सण असतो. ज्याने त्याने आपल्या वावरातले, परसातले पहिले फळ आणून वेदीपुढे ठेवायचे, आणि उपासना संपली की त्याचा तिथेच लिलाव. भक्तिभाव असा, की घेणारा वस्तू घेतो आणि लगेच पुन्हा दान करतो. ती पुन्हा पुकारली जाते. एकेक कोहळे असे दुपारपर्यंत इतके महाग होते की शेवटी ते ज्याने आणले त्याच्याच गळ्यात पडते आणि तो ते परमेश्वराची इच्छा म्हणून घरी नेतो. सर्वांत शेवटी झाकली गाठोडी. दर घराने घरच्या बियाण्याची मूठ एखाद्या फडक्यात बांधून आणायची. आत काय आहे ते सांगायचे नाही, आणि बोली विश्वासावर लावायची.

या गाठोड्यांसाठी आसपासच्या खेड्यांतले हिंदू शेतकरीही येतात. त्यांच्यात ते 'मिशनचं गाठोडं' म्हणून प्रसिद्ध आहे. ते नेऊन देव्हाऱ्याजवळ खुंटीला टांगायचे, पेरणीच्या दिवसापर्यंत सोडायचे नाही, आणि त्यातले बी पहिल्या मुठीत मिसळायचे, म्हणजे पीक साधते. ही रीत कुणी घातली ते कुणालाच माहीत नाही. पाळकसाहेब तिला अंधश्रद्धा म्हणतात. सचिव तिला मागणी म्हणतात.

सचिव हे आमच्या पंचमंडळाचे सर्वेसर्वा. बसस्थानकावर गाड्या पुकारण्यात त्यांची सगळी नोकरी गेली. निवृत्तीनंतर गाड्या त्यांच्याविना सुटू लागल्या, पण आवाज मागे राहिला, आणि तो त्यांनी प्रभूच्या सेवेला वाहिला आहे. लिलाव ते करतात. बाकावर उभे राहून हात मागे करतात, हाताला जे लागेल ते उचलतात आणि पुकारतात.

त्या रविवारी प्रभुभोजनही होते, म्हणजे प्रभूच्या स्मरणार्थ भाकर आणि द्राक्षरस घेण्याचा विधी. ते आटोपले, लिलाव सुरू झाला, कोहळी-काकड्या झाल्या, गाठोडी आली. लाल, हिरवी, फुलाफुलांची, जुन्या साड्यांच्या आणि ओढण्यांच्या तुकड्यांत बांधलेली. त्यांत एक पांढरे होते. ते इतके शुभ्र होते की मला ते घ्यावेसे वाटले. आयुष्यात प्रथमच मी बोली लावली. ती कुणाला ऐकू आली नाही, म्हणून हात वर केला.

"मॅडम काय म्हणतात? पंखा बंद करायचा?" सचिवांनी वरून विचारले.

पंखा बंद झाला. किन्हीराजा गावाकडून आलेल्या एका शेतकऱ्याने बोली चढवली.

"एक वार! दोन वार! पाहा बावा, वजन पाहा, आत काय माल असेल! तीन वार! सुटली गाडी!"

शेतकऱ्याने गाठोडे कपाळाला लावले आणि पिशवीत ठेवले. मी घाम पुसत बसले.

दोन दिवसांनी एका आजारी गृहस्थाच्या घरी प्रभुभोजन न्यायचे होते. पाळकसाहेबांनी कपाट उघडले तर मोठा पेला नव्हता. हा पेला मिशनऱ्यांच्या काळातला. चांदीचा म्हणतात, आणि म्हणतात म्हणून तो कधी कुणी तपासलेला नाही. द्राक्षरस आता काचेच्या चिमुकल्या पेल्यांतून देतात, पण तो पेला मेजाच्या मधोमध असावाच लागतो. पाळकसाहेब तो दोन्ही हातांनी उंच धरतात आणि आमच्यासारख्या कोरड्या माणसांच्याही अंगावर काटा येतो. पोहरादेवीच्या यात्रेच्या गर्दीत हरवलेली माणसे संध्याकाळपर्यंत भोंग्यावर पुकारून सापडतात. आमच्या मूठभर बाकांच्या चर्चमध्ये एक पेला सापडेना.

पंचमंडळाची बैठक झाली. त्या मंडळात मीही होते, कारण नियमाप्रमाणे एक स्त्री हवी होती आणि बोलणारी नको होती.

मावशीला बोलावण्यात आले. मावशी म्हणजे चर्चची सेविका. झाडलोट तिची, घंटा तिची, प्रभुभोजनाची भांडी घासायचे कामही तिचे. नवरा जाऊन फार दिवस झाले. मूलबाळ नाही, भावाच्या घरी तिचा शब्द चालत नाही. चर्चच्या मागची एक खोली तिला राहायला दिलेली आहे आणि तोच तिचा पगार.

"पेला शेवटी कुणाच्या हातात होता?" सचिवांनी शुद्ध मराठीत विचारले. बैठकीत ते शुद्ध बोलतात.

"तुमच्या, साहेब," मावशी म्हणाली. "कपाटाची चाबी तुमच्यापाशी. तुमी लिलावात. मंग मी तुमच्या हाती देल्ला, म्हटलं, कपाटात ठेवा."

"माझ्या हाती?" सचिवांची शुद्धता लगेच गेली. "मी बाकावर उभा राहून घसा फाडून राह्यलो अन् तुह्या हातचा पेला घेऊन राह्यलो? मले दोन हात हाय का चार?"

"हात मांगं केला ना तुमी. तुमच्या हातीच देल्ला, अन् मी गेली लहान पेले धुवाले."

"झूट!"

"मंग कोनाले देल्ला मी? भुताले?"

हे शेवटचे वाक्य मंडळाला उद्धट वाटले. मावशी खरे बोलत आहे का खोटे, हा प्रश्न तिथेच मागे पडला आणि ती कशी बोलली यावर चर्चा झाली. शेवटी असे ठरले की पुढच्या प्रभुभोजनापर्यंत पेला मिळाला नाही तर सेविकेने खोली रिकामी करावी. आपण चोरीचा आरोप करत नाही, हे पाळकसाहेबांनी आवर्जून स्पष्ट केले. फक्त खोली रिकामी करायची. नंतर प्रार्थना झाली. मी नेहमीप्रमाणे आमेन म्हटले.

दुसऱ्या दिवसापासून सचिव मंडळीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रोज सकाळी 'चोरी करू नको' ही आज्ञा पाठवू लागले, खाली उगवत्या सूर्याचे चित्र आणि गुलाब. मावशीकडे स्मार्टफोन नाही. त्यामुळे ज्यांनी पेला घेतलेला नव्हता अशा सर्वांना ती आज्ञा नियमित मिळत राहिली.

पाळकीणबाईंच्या उत्साहाला मात्र भरते आले. "मॅडम, तुम्हाला कथानकच मिळालं! आता तुम्हीच शोधून काढा. तुमची ती नायिका काय करील?"

माझी नायिका काय करील हे उघड होते. ती मावशीच्या खोलीत शिरेल, कमरेवर हात ठेवील आणि विचारील. एका दुपारी मीही निघाले. वाटेत मी तिचे सगळे प्रश्न तिच्याच आवाजात मनात घोकले: पेला किती वाजता धुतलात, जवळ कोण होते, कुणाचे वागणे वेगळे वाटले. दारात पोहोचले, मावशी म्हणाली, "सलाम म्याडम, या," आणि मी म्हणाले, "कशा आहात?"

माझा तपास तिथेच संपला. मी पलंगाच्या कडेवर बसले आणि गप्प राहिले. गप्प बसणारा माणूस समोर असला की दुसऱ्याला बोलावेच लागते, हा फायदा भित्र्या माणसांना फुकट मिळतो. मावशीने चहा टाकला आणि ती बोलत सुटली. यंदा नीळ चांगली मिळत नाही, घंटेचा दोर कुजला आहे, सचिवांच्या घरच्यांनी आणलेल्या काकड्या कडू होत्या.

"अन् आता सारे मले एकच इचारतात, पेला कुठी ठेवला, पेला कुठी ठेवला. पेला मंडळीचा हाय, परमेसर पाहीन त्याचं. पन माह्यं फडकं गेलं, त्याचं कोनी नाव घेते काय?"

"कोणतं फडकं?" हा प्रश्न माझ्या तोंडून निघाला, आणि निघाल्यावर मलाच दचकायला झाले.

"पेला बांधला होता ना त्याच्यात! माह्या लग्नाच्या साडीचं. फाटली साडी, पन पदराकडचा एक तुकडा ठेवला होता मी, खास पेल्यासाठी. दर खेपेला नीळ घालून धुतो. पांढरं फक."

आमच्यात नवरी पांढरी साडी नेसते. हंगामाच्या गाठोड्यासाठी मात्र पांढरे फडके कुणीही वापरत नाही. घरात दुसरे पांढरे कापड असतेच कुठे, आणि असले तरी येणारे गिऱ्हाईक हिंदू, त्यांना पांढरे चालेल की नाही अशी शंका. म्हणूनच मला ते गाठोडे उठून दिसले होते.

म्हणजे पेला चोरीला गेलाच नव्हता. सबंध मंडळीच्या देखत, बाकावर चढून, एक वार दोन वार तीन वार पुकारून सचिवांनी तो विकला होता. मावशीने मागून हातात दिलेले कपाटात ठेवायचे गाठोडे त्यांनी लिलावाचे म्हणून पुढे आणले. आणि तो विकत घ्यायचा प्रयत्न करणाऱ्यांत तर्कशास्त्राची एक निवृत्त प्राध्यापिकाही होती.

मी हे मावशीला सांगितले.

"म्हंजे त्यानं माह्या लग्नाची साडी लिलावात काढली?"

शेतकरी तिला माहीत होता. "किन्हीराजाच्या पल्याडचा. दरसाल येते तो. त्याच्या मायले ओळखतो मी." दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी जीपने निघालो. मी खिडकीशी आणि मावशी माझ्या अंगावर, कारण जीपमध्ये जागा ही कल्पना फार ताणता येते. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना वावरे ओली होती. दिवाळीनंतरही पाऊस येऊन गेला होता, हरभऱ्याची पेरणी सगळ्यांचीच रखडली होती.

शेतकऱ्याने खाट टाकली. त्याच्या आईने आम्हाला पाणी दिले आणि देव्हाऱ्याकडे बोट दाखवले. खुंटीला ते पांढरे गाठोडे टांगलेले होते, त्याला कुंकवाचे बोट लावलेले.

मावशीने जवळ जाऊन ते वरूनच चाचपले. "हाच हाय," ती म्हणाली. "दांडी लागते हाताले."

"आमाले वाटलं बोळकं हाय आत बियाचं," शेतकरी म्हणाला. "घेऊन जा ना मंग, काय झालं त्यात. सोडतो मी."

"हात नको लावू," आई म्हणाली.

"अवं माय, त्यायच्या देवाचं भांडं हाय ते!"

"असू दे. आपल्या खुंटीले आलं ना? मिशनचं गाठोडं वापसा आल्याबिगर सोडत नाई. तुह्या बापानं सोडलं होतं एकडाव, तूर वाळली सारी."

वापसा म्हणजे पेरता येईल इतकी जमीन सुकणे. ती कधी सुकेल ते जमिनीवर अवलंबून होते, आणि मावशीच्या खोलीचा निकाल येत्या काही दिवसांत लागायचा होता. मी शेतकऱ्याकडे पाहिले, शेतकऱ्याने आईकडे पाहिले. आईने कुणाकडेच पाहिले नाही.

"बरोबर हाय तिचं," मावशी म्हणाली.

मी चकित झाले. "मावशी, अहो, तुमची खोली!"

"मंग? माह्या खोलीपायी त्याच्या वावराचा सगुन मोडू काय? साऱ्या सालाचं खाणं हाय त्याचं." आणि त्या म्हातारीकडे वळून, "फक्त कुंकू नका लावू बाई आता. निळीनंही निघत नाई ते."

परतीच्या जीपमध्ये मी मनातल्या मनात पंचमंडळाला सुंदर पत्रे लिहिली. पण पत्र सचिवांकडेच जाणार, आणि तेच ते वाचून दाखवणार. तोंडी बोलण्याला पर्याय नव्हता.

रविवारी उपासनेत साक्षीची वेळ असते. देवाने आपल्यासाठी काय केले ते ज्याला वाटेल त्याने उभे राहून सांगायचे. दर रविवारी तेच दोघे उठतात आणि त्याच दुखण्यांतून बरे होतात. त्या रविवारी मी उठले. पाळकीणबाईंनी लगेच डोळे पुसायला रुमाल काढला. माझे पहिले साक्षीवचन त्यांना कोरड्या डोळ्यांनी ऐकायचे नव्हते.

"मला देवाविषयी काही सांगायचे नाही," मी सुरुवात केली. यापेक्षा बरी सुरुवात असू शकली असती. "मला लिलावाविषयी सांगायचे आहे."

मग मी वर्गात शिकवत असे तसे बोलले, कारण दुसरे कसे बोलतात ते मला येत नाही. मावशीने पेला पांढऱ्या फडक्यात बांधला. लिलावात पांढरे गाठोडे एकच होते. ते कुणाच्याही घरून आलेले नव्हते. आले असल्यास त्या घराने हात वर करावा. कुणीही हात वर केला नाही. अतएव पेला लिलावात गेला. मी 'अतएव' म्हणाले. त्याबद्दल मला अजून चिडवतात.

मागच्या बाकावर एका म्हाताऱ्याचे घोरणे तेवढे उपासनेचा भाग असल्यासारखे चालू होते.

"पुरावा?" सचिव उभे राहिले. "मॅडम कादंबऱ्या लिहितात, आपल्या सगळ्यांना माहीत आहे. पुरावा कुठे आहे?"

"खुंटीला," मी म्हणाले. "पण सोडायला वापसा यायचा आहे."

हशा झाला. सचिवही हसले, आणि हसणाऱ्यांकडे कौतुकाने पाहू लागले. मी अजून उभीच होते, कारण साक्ष कुठे संपवून बसायचे असते ते मला माहीत नव्हते. सगळ्यांना वाटले मी ठाम आहे.

"पेरणीच्या दिवशी पंचमंडळाने येऊन पाहावे," मी म्हणाले. "पेला नसला तर मावशींबरोबर मीही या मंडळीतून जाईन."

हे मी ठरवून आले नव्हते. पण बोलून गेल्यावर परत घेण्याइतके धैर्य माझ्यात नव्हते.

प्रभुभोजनाच्या आधीच्या गुरुवारी शेतकऱ्याचा फोन आला. पंचमंडळ जीप करून गेले. सचिव चकचकीत बुटांत आले होते आणि वावरातल्या काळ्या मातीने बांधावरच त्यांचे स्वागत केले. ट्रॅक्टर उभा होता, त्याला पेरणीयंत्र जोडलेले. पण पहिली मूठ हातानेच टाकायची. शेतकऱ्याच्या आईने नारळ फोडला, गाठोडे पुढ्यात घेतले आणि गाठ सोडली. ती गाठ मावशीने मारलेली होती, तेव्हा सुटायला वेळ लागला.

पेला निघाला.

सचिव पुढे झाले. "आणा, आणा, इकडे द्या."

"थांबा," म्हातारी म्हणाली. तिने पेल्यात पाहिले, बी नव्हते. मग शेजारच्या पोत्यात पेला बुडवून तिने तो हरभऱ्याने काठोकाठ भरला.

"अहो बाई!" सचिव ओरडले. "तो पवित्र पेला आहे! प्रभुभोजनाचा!"

"अन् हरबरा काय बाटलेला हाय?" म्हातारीने विचारले.

सचिवांनी पाळकसाहेबांकडे पाहिले. पाळकसाहेबांनी काही वेळ आकाशाकडे पाहिले, आणि पवित्र शास्त्रात पेरणाऱ्याचा दृष्टांत आहेच, असे पुटपुटून टोपी काढली. शेतकऱ्याने पेल्यातली पहिली मूठ घेतली आणि तासात, म्हणजे पेरणीच्या सरीत, टाकली. मग पेला रिकामा करून, पदराने पुसून, म्हातारीने तो सचिवांच्या पसरलेल्या हातांकडे न बघता मावशीच्या हाती दिला.

"फडकंही द्या," मावशी म्हणाली.

तिने सोबत एक हिरवे गाठोडे आणले होते, परसातल्या वालाच्या बियांचे. ते तिने म्हातारीला दिले. "तुमचं गाठोडं फुकट गेलं नाई पायजे." हे करायचे मंडळातल्या इतर कुणाला सुचले नव्हते. आम्ही परतीचे भाडे कोण देणार यावर विचार करत होतो.

इथे माझ्या कादंबरीतल्या गुन्हेगाराने ऐसपैस पश्चात्ताप केला असता. पण सचिव कादंबरीतले नव्हते. जीपमध्ये त्यांचे ठरले होते की हे गैरसमजातून घडले, आणि गैरसमजाला कुणी एक जबाबदार नसतो. रविवारी उपासनेत त्यांनी निवेदन वाचले, शुद्ध मराठीत: पेला मिळालेला आहे, पंचमंडळाने उदार अंतःकरणाने सेविकेस क्षमा केलेली आहे व तिला खोलीत राहण्याची अनुमती देण्यात येत आहे.

"कायची क्षमा?" मावशीने पहिल्या बाकावरून विचारले.

ते कुणी ऐकले नाही, असे सर्वांनी दाखवले. गायनमंडळाने गीत सुरू केले.

मग प्रभुभोजन आले. ते देण्यापूर्वी पाळकसाहेब दर वेळी एक वाक्य वाचतात: ज्याच्या मनात आपल्या भावाविषयी काही असेल त्याने आधी समेट करावा आणि मग मेजाजवळ यावे. हे वाक्य वर्षानुवर्षे आमच्या डोक्यांवरून जाते. आमच्या मंडळीत दोन सख्खे भाऊ बांधावरून कोर्टात आहेत, आणि ते खांद्याला खांदा लावून मेजाजवळ येतात.

पाळकसाहेबांनी पेला उंच धरला. पहिल्या बाकाने उठायचे असते, आणि पहिल्या बाकाच्या वाटेकडच्या टोकाला मावशी बसते. ती उठली नाही. हात मांडीवर ठेवून बसून राहिली. तिच्या पलीकडच्या बायका अर्धवट उठल्या आणि पुन्हा बसल्या. मावशीला ओलांडून प्रभूकडे जाण्याची कुणाची हिंमत नव्हती. मागचे बाक पुढच्या बाकासाठी थांबले.

"मावशी, या," पाळकसाहेब हळूच म्हणाले.

"कशी येऊ? तुमीच वाचलं ना आता. माह्या मनात हाय."

"काय आहे?"

"साहेब हाय."

सचिव खाली बघत होते. पाळकसाहेबांचे हात वर होते, पेला जड होता, आणि ते तो खाली ठेवू शकत नव्हते. हळूहळू त्यांचे कोपर थरथरू लागले. पाळकीणबाई सचिवांकडे बघू लागल्या. मग भगिनीमंडळ बघू लागले. मग ते दोन भाऊदेखील.

सचिव उठले. वाटेने चालत मावशीच्या बाकापाशी आले आणि तिच्या कानाशी वाकून काहीतरी म्हणाले.

"काय म्हटलं?"

ते पुन्हा पुटपुटले.

"मले ऐकू नाई आलं, साहेब. विकतानी बोलता तसं बोला."

त्यांनी मान वर केली. मग त्यांचा तो गाड्या पुकारायचा आवाज चर्चमध्ये घुमला, पण मध्येच जरा फाटला: "माह्यं चुकलं, मावशी. पेला तू माह्याच हाती देल्ला होता. मले माफ कर."

"केलं," मावशी म्हणाली, आणि उठली. मेजाजवळ ती पहिली गेली, तिच्यामागे सचिव. पाळकसाहेबांनी पेला खाली ठेवला आणि भाकर मोडण्याआधी दोन्ही मनगटे चोळली.

त्या दुपारी मी तिच्या खोलीत गेले. मला तिचे अभिनंदन करायचे होते आणि ते कोणत्या शब्दांत करावे हे ठरवत मी दाराशीच उभी होते. आतले सगळे सामान तिने अंगणात काढले होते, पलंगसुद्धा, आणि बादलीत चुना भिजत घातला होता.

"नाताळ आला," ती म्हणाली. "दोन सालापासून भित्ती तशाच हाय. आता राह्यचंच हाय तं मारून घेतो एक हात. तुमी उभ्या काहून, म्याडम? काडी घ्या, ढवळा तो चुना. गुठळ्या नाई राह्यल्या पायजे."

मी पदर खोचला आणि ढवळू लागले.